गोठ्यातली फटफटी

मागच्या दोन वेळा मी तुमच्याशी अंतर्गत कर्जाच्या वहीबद्दल आणि बँकेच्या खात्याबद्दल बोलले. या वेळी केंद्रावरच्या ताई म्हणाल्या, जरा वेगळं काहीतरी सांगा की. म्हटलं, मग आमच्या गोठ्यातल्या फटफटीचं सांगते. त्या हसल्याच. म्हणाल्या, बायकांच्या कार्यक्रमात फटफटी? पण वही, पावती आणि सही या तीन गोष्टी मी गटात दहा वर्षं शिकवत आले, आणि त्या मला स्वतःला शिकवल्या या फटफटीनं. तेव्हा ऐका.

आमचं गाव कराडजवळ. लग्न होऊन आले तेव्हापासून गोठ्याच्या मागच्या अंगाला, कडब्याच्या पेंढ्यांआड, एक लोखंडी धूड उभं होतं. सीटवर कोंबडी अंडी घालायची. ती मामांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची गाडी. आजेसासऱ्यांनी ती लष्कराच्या लिलावातून घेतली असं घरात सांगतात. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराकडची जादा वाहनं अशी विक्रीला निघाली होती. मामांनी ती पुढे बरीच वर्षं चालवली, मग भाग मिळेनात म्हणून उभी केली, ती उभीच राहिली. मामा गेले त्यालाही सहा वर्षं झाली.

एका उन्हाळ्यात दारावर भंगारवाला आला. मोठ्या दिरांच्या मुलीची नर्सिंगची फी भरायची होती. दीर म्हणाले, देऊन टाकू, जागा तरी मोकळी होईल. भंगारवाल्यानं गाडी हलवून पाहिली, दीडशे किलोच्या वर भरेल म्हणाला आणि पाच हजार रुपये सांगितले. आमच्या ह्यांनीही मान डोलावली. मी पण गप्पच होते, खोटं कशाला सांगू.

तेव्हा आत्याबाई ओट्यावरून उठल्या. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्या फारशा बोलत नाहीत. दिरांना म्हणाल्या, "आठ महिन्यांचा होतास. ताप डोक्यात गेला होता. भर पावसाची रात्र, यष्टी नाही, बैलगाडी चिखलात रुतलेली. ह्यांनी मला मागं बसवलं, तुला पदरात बांधलं आणि हिच्यावरनं कराडला नेलं. आन् तू हिला किलोवर घालतोस?"

दीर काही बोलले नाहीत. भंगारवाला निघून गेला. फीचे पैसे शेवटी शेळ्या विकून भरले.

मग मला राहवेना. ही वस्तू आहे तरी काय, हे आधी कळायला हवं. आपण गटात म्हणतो ना, मालाची किंमत माहीत नसताना व्यापाऱ्यासमोर उभं राहायचं नाही. मी रॉकेल आणि नारळाची काथ्या घेऊन बसले. दोन दिवस घासल्यावर इंजिनवर सिलिंडरच्या खाली ठोकलेली अक्षरं दिसली, डब्ल्यू एम २०, आणि पुढे आकडा. टाकीवर रंगाच्या थराखाली तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केलेलं चिन्ह.

ती बीएसए निघाली. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, म्हणजे बंदुका बनवणारी इंग्लंडमधली कंपनी, १८६१ साली तिथल्या बंदूक कारागिरांनी एकत्र येऊन काढलेली. म्हणून त्या तीन बंदुका. एकेकट्या कारागिरांनी एकत्र येऊन कारखाना काढला हे वाचून मला आपला गटच आठवला, आता हसू नका. नंतर ते मोटारसायकली बनवायला लागले. आमची ती एम २०, एकच सिलिंडर, ५०० सीसीला थोडी कमी. महायुद्धात निरोप्यांना आणि लष्करी पोलिसांना देण्यासाठी अशा सव्वा लाखाच्या आसपास गाड्या बनल्या. १९४० च्या नोव्हेंबरात त्या कारखान्यावर जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले, त्यात ५३ कामगार मेले. पुढे १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत कंपनी बुडाली. नाव आता महिंद्रांच्या गटाकडे आलंय, नवी गाडीही काढलीय त्यांनी त्या नावाची, पण त्यामुळे आमच्या जुन्या गाडीचा भाग दुकानात मिळायला लागला असं नाही.

फोटो पाहून पुण्याच्या एका हौशी माणसानं आहे त्या स्थितीत ऐंशी हजार देऊ केले. पाच हजार कुठे आणि ऐंशी हजार कुठे! घरात खल झाला. आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "विकायची तर विका. पण एकदा तिचा आवाज ऐकू द्या." दीर म्हणाले, आधी दुरुस्त करू, मग विकायचं का ते ठरवू.

आणि इथेच आम्ही चुकलो.

शहरातल्या एका गॅरेजवाल्याचं नाव कुणीतरी सांगितलं. जुन्या गाड्यांमधला तज्ज्ञ, सगळं एकाच छपराखाली करतो म्हणे. त्यानं टेम्पो पाठवला, गाडी नेली, पंधरा हजार आगाऊ घेतले. पावती दिली नाही. मी मागितलीही नाही. बचत गटाची समन्वयक, दर महिन्याला दहा रुपयांच्या दंडाचीसुद्धा पावती फाडणारी, आणि तिथे मी लाजले. घरातले दोन पुरुष उभे असताना आपण कसं बोलायचं, असं वाटलं.

सात महिने गेले. फोन केला की, पार्ट इंग्लंडहून यायचाय. शेवटी आमचे हे जाऊन बघतात तर गाडी कोपऱ्यात, इंजिन खोललेलं, आणि कार्ब्युरेटर वेगळाच, नवा चकचकीत, कुठल्याशा दुसऱ्या गाडीचा. विचारलं तर म्हणे, हाच होता. पण घासताना मी मोबाईलवर फोटो काढून ठेवले होते. अमल कंपनीचा कार्ब्युरेटर, अंगावर २७६ आकडा ठोकलेला, फोटोत स्पष्ट.

ही गोष्ट मी गटाच्या बैठकीत बोलले. सांगायची लाज वाटत होती, तरी बोलले. आमच्या अध्यक्षा म्हणाल्या, "किती वाजताची यष्टी आहे?" दुसऱ्या दिवशी आम्ही सहाजणी गेलो. भांडलो नाही, आवाजही चढवला नाही. गॅरेजच्या पायरीवर बसलो, डबे सोडले आणि जेवलो. गिऱ्हाइकं येत होती, विचारत होती, काय झालं मावशी? अध्यक्षा प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून सांगायच्या. दुपारी तीन वाजता तो कार्ब्युरेटर कापडाच्या पिशवीतून बाहेर आला. आगाऊ दिलेले पंधरा हजार मात्र गेले ते गेलेच. गाडी टेम्पोत घालून आणली, नटबोल्ट गोणपाटात.

आता दुसरी गोष्ट, हीही लपवत नाही. पैसे संपले होते. मी गटाकडे चाळीस हजारांच्या कर्जाचा अर्ज केला. एक बाई उठली आणि म्हणाली, "ताई, मी टीव्हीसाठी मागितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, चैनीसाठी कर्ज नाही. मग ही फटफटी कोणत्या खात्यात बसते?" सगळ्या गप्प. मी काय उत्तर देणार? अर्ज नामंजूर झाला, आणि इतिवृत्तात तसं मीच माझ्या हातानं लिहिलं. राग आला होता. घरी येऊन रडलेही. पण तिचं बरोबर होतं. मग दीर आणि आम्ही मिळून ठरवलं, दर महिन्याला दोन्ही घरांतून मिळून चार हजार, तेवढ्यात होईल तेवढंच काम. एक वही घातली. कोणता भाग, कोणाकडे, कधी दिला, किती ठरले, किती दिले, कधी परत आला. भाग देताना फोटो, भाग आणताना फोटो, आणि कारागिराची वहीत सही. पुन्हा पूर्ण गाडी एकाकडे द्यायची नाही, हे ठरलं.

पहिली अडचण अगदी साधी निघाली, पाना. आपल्याकडच्या मेकॅनिकांचे पाने मिलिमीटरचे, दहा-अकरा, बारा-तेरा. या गाडीला तो एक तर बसत नाही किंवा सैल बसतो आणि नटाचे कोपरे खाऊन टाकतो. कारण इंग्रजांची मापं वेगळी. व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८४१ मध्ये आट्यांचं एक माप ठरवलं. त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा, आपल्या मिलिमीटरवाल्या बोल्टांचा ६० अंशांचा. जाडी सारखी दिसली म्हणून घुसवला की आटे गेलेच. शिवाय त्या पान्यावर लिहिलेला आकडा पान्याच्या तोंडाचा नसतो, बोल्टाच्या जाडीचा असतो. मला हे कळायला दोन आठवडे लागले. त्यात या गाडीला काही ठिकाणी सायकलचे बारीक आटे, इंचात २६.

हे पाने कुणाकडे असतील? डोकं खाजवत होते तेव्हा आत्याबाईच म्हणाल्या, "विहिरीवरचं इंजिन कोण उघडायचं गं आपलं?" खरंच की! वीज यायच्या आधी मळ्यामळ्यात जी जुनी ऑईल इंजिनं फटफटायची, ती विलायती किंवा विलायतीच्या घडणीवर इथे बनलेली, त्यांचेही आटे त्याच घराण्यातले. शेजारच्या गावात ती इंजिनं दुरुस्त करणारे मिस्त्रीकाका आहेत, सत्तरी ओलांडलेले. त्यांनी खाटेखालून ट्रंक ओढली. आत तेलाच्या फडक्यात गुंडाळलेले पाने, सगळ्या मापांचे. म्हणाले, "वीस वर्षं कुणी मागितले नाहीत, पोरी." काकांनी पैसे घ्यायला नकार दिला. पण वहीत शून्य मांडायला मला आवडत नाही. मग दर खेपेला चहा आणि एक डझन अंडी असं ठरलं, तेच लिहिलं.

मैत्रिणींनो, यातून पुढचा रस्ता सापडला. मोटारसायकलचा तज्ज्ञ शोधायचाच नाही. प्रत्येक भाग कशाचा बनलाय ते बघायचं, आणि तो धातू, ते काम रोज हाताळणारा माणूस जवळपास शोधायचा.

सिलिंडर झिजून लांबट गोल झालं होतं. ते घेऊन आम्ही कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गेलो. म्हादबा मेस्त्रींपासून यंत्राच्या कारागिरीचं नाव असलेलं ते शहर, तिथे लेथच्या आवाजात माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. मूळ माप ८२ मिलिमीटर. कारागिरानं मोजलं आणि सांगितलं, एक मिलिमीटर वाढवून घासावं लागेल. पण आधी पिस्टन आणा, मग मी घासतो. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. घाई करणारा माणूस आधी सिलिंडर घासून मोकळा होतो आणि त्या मापाचा पिस्टन मग मिळतच नाही. पिस्टन पुण्याच्या जुन्या बाजारातून मिळाला, मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो तो. चार रविवार आमचे हे गेले. चौथ्या रविवारी तेलकट कागदात गुंडाळलेला, बीएसएचा, वाढीव मापाचा. तो हातात घेऊनच कोल्हापूर गाठलं. पुढच्या फोर्कचे बुशही तिथेच गनमेटलमधून काढून घेतले, नमुन्याला जुना झिजलेला बुश नाही, तर ज्यात तो बसतो तो भाग आणि आतली दांडी दिली. झिजलेल्यावरून केलेला नवाही झिजलेलाच होतो.

सगळ्यात अवघड काम मॅग्नेटोचं. या गाडीला ठिणगी द्यायला बॅटरी लागत नाही. मॅग्नेटो फिरतो आणि स्वतःच वीज तयार करतो. आत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. जुना झाला की त्याची एक खोड असते, थंड असताना ठिणगी छान, गरम झाला की गायब. आमचाही तसाच. कराडात पाण्याच्या मोटारी रिवाइंडिंग करणाऱ्या एका दुकानात विचारलं. मालक म्हणाले, एवढी बारीक तार मी नाही गुंडाळत, आमच्या वहिनी गुंडाळतील. वहिनी म्हणजे त्यांची बायको. आतल्या खोलीत, लहान हातयंत्रावर, चष्मा नाकावर घेऊन ही बाई गेली पंधरा वर्षं बारीक वाइंडिंग करते आणि दुकानाच्या पाटीवर तिचं नाव नाही. त्यांनी पहिल्यांदा केला तो तार तुटून वाया गेला. दुसऱ्यांदा अकरा दिवस लागले. प्रत्येक थरात कागद, वर वार्निश, मग आतला कंडेन्सर बदलला. वहीत सही करायला मालक पुढे आले. मी म्हटलं, काम ज्यांनी केलं त्यांची सही हवी. वहिनींनी हात पुसले आणि पूर्ण नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासकट.

कार्ब्युरेटरमध्ये पितळेचा एक पोकळ डबा पेट्रोलवर तरंगतो, त्याला फ्लोट म्हणतात. त्याला बारीक छिद्र पडलं की आत पेट्रोल शिरतं, तो बुडतो आणि पेट्रोल वाहत राहतं. छिद्र डोळ्यांना दिसत नाही. गरम पाण्यात दाबून धरलं की बुडबुडे येतात, तिथे खूण करायची. डाख द्यायला कुठे गेलो? भांडी नीट करणाऱ्या तांबटाकडे. त्याला एकच सांगितलं, डाख अगदी थेंबभर, नाहीतर वजन वाढून फ्लोट खाली बसेल. तो म्हणाला, वहिनी, मी नथीला डाख देतो. डोक्यावरचं तांब्याचं पान, गॅस्केट म्हणतात ते, त्यानंच लाल तापवून पाण्यात टाकून मऊ करून दिलं. टाकीलाही बारीक गळती होती. पेट्रोलची टाकी, रिकामी दिसली तरी, कधीही सरळ वेल्डिंगवाल्यासमोर ठेवू नका. आतली वाफ पेटते आणि टाकी बॉम्बसारखी फुटते. ती धुवून, उन्हात ठेवून, मग पाण्यानं भरून फक्त गळतीचा भाग वर ठेवून काम करायचं. हे मिस्त्रीकाकांनी दटावून सांगितलं म्हणून आम्ही वाचलो.

बाकी सोपं होतं. टायर ३.२५-१९ मापाचा, जुन्या बुलेटच्या पुढच्या चाकाला तोच लागतो, कुठेही मिळतो. चाकाचे स्पोक गावातल्या सायकलवाल्यानं ताणले. सीटचं चामडं कोल्हापुरी चपला करणाऱ्या एका कुटुंबानं शिवलं.

कागदांचं मात्र सांगायलाच हवं, कारण तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या घरात गेलेल्या माणसाच्या नावावर गाडी उभी असेल. मालक वारला की वारसानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची असते. आमची मुदत कधीच उलटली होती. पण आरसीबुक आत्याबाईंच्या लग्नातल्या शालूच्या घडीत सापडलं, आणि त्यावरचा नंबर इंजिनवरच्या नंबराशी जुळला. ५० वर्षांच्या वरच्या, मूळ रूपात असलेल्या दुचाकी-चारचाकींसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्राचे नवीन नियमही आले आहेत. नव्यानं नोंदणीला २० हजार, पुनर्नोंदणीला पाच हजार फी. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही, प्रदर्शनाला किंवा रॅलीला न्यायची. यात "मूळ रूपात" हे शब्द महत्त्वाचे. चासी-इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. म्हणून तर जुना भागच जमेल तितका दुरुस्त करायचा. आमचा अर्ज अजून चालू आहे. गाडी आत्याबाईंच्या नावावर होणार आहे, दोन्ही भावांनी संमतीपत्र दिलंय.

एकोणीस महिने लागले. वहीप्रमाणे बुडलेले पंधरा हजार धरून ९१ हजार रुपये आणि २७ डझन अंडी.

सुरू करायचा दिवस आला तेव्हा निम्मा गट आमच्या खळ्यात. टीव्हीवाली बाईसुद्धा होती, सगळ्यांत पुढे. आमच्या ह्यांनी जोरात किक मारली तर किक उलटी फिरून घोट्यावर बसली. मिस्त्रीकाका ओरडले, ही काय आताची गाडी आहे? मग त्यांनी शिकवलं. कार्ब्युरेटरवरचं बटण पेट्रोल ओलं दिसेपर्यंत दाबायचं. हँडलवरच्या लहान दांडीनं ठिणगी मागे घ्यायची. दुसरी दांडी दाबून इंजिन हलकं करून जरासं पुढे आणायचं, आणि मग एक लांब, पूर्ण किक. आठव्या किकला ती एकदा खोकली. अकराव्याला लागली.

आवाज आताच्या गाड्यांसारखा नाही. सावकाश, एकेक ठोका मोजता येतो असा. आत्याबाई ओट्यावर बसल्या होत्या. उठल्या नाहीत, डोळे मिटून ऐकत राहिल्या. थोड्या वेळानं दीर जवळ गेले आणि म्हणाले, "आये, बसतेस का मागं?" त्या म्हणाल्या, "तुला चालवायला येती का आधी?" आणि खरंच, येत नव्हती. तिचे गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. गेले दोन महिने ते खळ्यातच गोल गोल फिरवून शिकतायत.

पुण्याच्या त्या माणसाचा पुन्हा फोन आला होता. आता तो बरेच जास्त द्यायला तयार आहे. काय करायचं ते ठरलेलं नाही. दिरांच्या मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे, आणि फी याही वर्षी आहेच.

बरं, एक काम होतं तुमच्याकडे. गाडीला लुकास कंपनीचा जुना हेडलाइट अजून मिळालेला नाही. मामांनी तो काढून कुणाला तरी उसना दिला होता, कुणाला ते आत्याबाईंना आठवत नाही. मोठा गोल लोखंडी डबा, काळा किंवा लष्करी हिरवा, वर इंग्रजीत लुकास लिहिलेलं. माळ्यावर, गोठ्यात, कणगीमागे असा काही पडला असेल तर केंद्रावर कळवा. काच फुटलेली असली तरी चालेल. फुकट नको, पावती करून घेऊ.